चूळ भरणाऱ्या बाई

वसईच्या किल्ल्यापासून विरारच्या फुलपाड्यापर्यंत सरकारी जीप माझ्याइतकी कोणी चालवली नसेल. त्यातली निम्मी वाट मी ती मागून ढकलत चालवली, पण पगार पुढे बसल्याचा मिळायचा, त्यामुळे माझी तक्रार नाही.

मी गजानन. चौथीपर्यंत शाळेत होतो असं मी सांगतो. त्यातला बराच काळ वर्गाबाहेर अंगठे धरून उभा होतो, तोसुद्धा हिशोबात धरून. राजापूरकडनं आलो, लग्न केलं, फुलपाड्याला एका बिल्डिंगीत सगळ्यात वरच्या माळ्यावर खोली घेतली. वरची खोली स्वस्त पडते असं एजंट बोलला. स्वस्त का पडते, ते पहिला हंडा डोक्यावर घेऊन जिना चढताना कळलं.

तेव्हा विरार-नालासोपाऱ्याला बिल्डिंगी अळंबीसारख्या उगवत होत्या. नळ सगळ्यांच्या घरी होते. नुसते नळ. पाणी यायचं टँकरने, आणि टँकर भरायचे गावातल्या वाडीतल्या विहिरींवर. आता आमची ही गावं म्हणजे खाडीच्या कुशीतली. गोडं पाणी प्रमाणाबाहेर उपसलं की खालून खारं आत शिरतं, आणि विहीर मचूळ होते. मग गाववाले टँकर अडवायचे, बिल्डिंगवाल्या बायका रिकामे हंडे वाजवत मोर्चा काढायच्या, आणि संध्याकाळी दोन्ही पार्ट्या मिळून सरकारला शिव्या घालायच्या. सरकारने अशा वेळी सरकार जे करतं ते केलं. मंडळ नेमलं.

टँकरच्या विहिरींवर देखरेख ठेवायची आणि पाणी मचूळ झालं की त्या विहिरीचा पंप बंद करायचा, एवढंच त्या मंडळाचं काम. अध्यक्ष साहेब ठाण्याहून यायचे, म्हणजे यायचं ठरायचं. शेतकऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून एक नाना होते. कायम हसतमुख माणूस, आधी पोट यायचं मग नाना यायचे. बाकी दोघं सह्या करायला होते. आणि एक म्हात्रे बाई. झेडपीच्या शाळेत जन्म घालवून रिटायर झालेल्या. नवरा वारलेला, मुलगा नोकरीसाठी लांब, नालासोपारा वेस्टला छोट्या बैठ्या घरात एकट्या राहायच्या. मंडळाच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून मी लागलो. शिपायाची जागा सरकारने भरली नाही म्हणून शिपाई पण मीच.

पहिल्याच दिवशी बाई जीपजवळ आल्या. काठाचं सुती पातळ, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी, काखेत घडीचं स्टूल.

"नाव?"

"गजा."

"पूर्ण."

"गजानन."

"वाचता येतं?"

"बसचे बोर्ड वाचतो ना, बाई."

"कुठले?"

"जी बस रोज बघतो तिचे."

त्यांनी पिशवीतनं एक छापील कागद काढला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून मला मोठ्याने वाचून दाखवायला लागल्या. मंडळाच्या सदस्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी कसं वागायचं, त्याचे नियम. तपासणीला गेलो की कोणाचं काही घ्यायचं नाही. खायचं नाही, प्यायचं नाही. नातेवाइकाचं प्रकरण निघालं की सांगायचं आणि उठून बाहेर जायचं. आतलं बाहेर बोलायचं नाही. सरकारी गाडी घरच्या कामाला वापरायची नाही. मी आपला हो हो करत होतो, लग्नात भटजीचं ऐकतात तसं.

"बाई, हे सदस्यांचं झालं. ते कर्मचारी म्हणजे कोण?"

"तू."

खोटं कशाला बोलू, छाती फुगली. तोपर्यंत मला कोणी कर्मचारी बोललं नव्हतं. घरी गेलो आणि बायकोला बोललो, "सुमन, आजपासून मी कर्मचारी आहे." ती बोलली, "मग कर्मचारी, खाली टँकर आलाय, हंडे उचला."

नानांनी तो कागद फ्रेम करून ऑफिसात लावला. वर हार पण घातला. बाई बोलल्या, "नाना, हार कशाला? ते नियम अजून जिवंत आहेत." नाना हसले. बोलले, "बाई, भिंतीवर आहेत तोवर कोणाला त्रास नाही."

बाईंचा एक शब्द ठरलेला होता. "बसत नाही." नियमात बसत नाही. एखाद्या गोष्टीवर त्या जरा विचार करायच्या, डोकं कलतं करायच्या, आणि बोलायच्या, "बसत नाही, गजानन." तपासणीला जाताना स्वतःचं पाणी, स्वतःचा डबा, बसायला स्वतःचं स्टूल. लोकांच्या खुर्चीत बसलं की त्यांच्या बाजूने झुकतो असं त्यांचं म्हणणं. मी बोललो, "बाई, मी तर जमिनीवर बसतो." तर बोलल्या, "जमीन कोणाची आहे ते आधी बघत जा."

आता यात खरी मेख काय होती सांगतो. कोणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही असा नियम, आणि आमचं कामच मुळी पाणी चाखायचं! नमुन्याची बाटली ठाण्याला जायची, पण तिचा अहवाल यायचा तोवर पुढचा पावसाळा यायचा. म्हणून जागेवर चाखायला लागायचं. त्यावर बाईंनी तोड काढली. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, या गालातून त्या गालात फिरवायचा आणि चूळ टाकायची. चव घेतली, पाणी घेतलं नाही. नियमात बसलं.

पण माणसात बसेना. आपल्याकडे दारात आलेल्याला पाणी देतात आणि ते कोणी समोर थुंकून टाकत नाही. अर्नाळ्याकडे एका वाडीत म्हातारीने चिंचेने घासलेल्या पितळी तांब्यातनं पाणी दिलं. बाईंनी चूळ भरली आणि केळीच्या बुंध्यात टाकली. म्हातारी उसळली.

"माझ्या घरचं पानी थुकलीस? काय घान हाय माझ्या घरात?"

"आजी, प्याले असते तर मी तुमची पाहुणी झाले असते. पाहुणीला तुमची विहीर बंद करता येते का?"

म्हातारीने जरा विचार केला. "म्हंजे भवाने, बंद करायलाच आलीस तू!"

"नाही आजी. पाणी गोड आहे तुमचं."

"ते मला म्हाईत हाय! तुला इचारलं कोनी?"

परत येताना बाई जीपमध्ये बाहेरच्या केळी बघत होत्या. मग बोलल्या, "पाणी खरंच फार गोड होतं रे. गिळावंसं वाटलं." मी बोललो, मग गिळायचं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा गिअरच अडकला.

केळ्यांचं तर सगळ्या तालुक्यात झालं. एका टँकरवाल्याने जीपच्या मागच्या बाजूला गुपचूप केळीचा घड ठेवला. बाईंनी बघेपर्यंत मी एक फणी खाल्ली होती. बाई बोलल्या, घड परत द्यायचा. अख्खा. मी बोललो, बाई, खाल्लेली कशी देणार? बोलल्या, "तो विचार चघळताना करायचा होता." मग सोपाऱ्याच्या बाजारात गेलो, माझ्या पैशाने केळी घेतली. हिरवीच मिळाली. ती सुतळीने त्या पिवळ्या घडाला बांधली आणि नेऊन दिली. टँकरवाला त्या घडाकडे बघतच राहिला. पुढे महिनाभर मला जो तो सांगायचा, "या ड्रायव्हरला पिकलेली केळी देऊ नका रे, हिरवी करून परत देतो."

आणि जीपचं. मंडळाचं काम संपलं की बाई घरी चालत जायच्या. जीप त्यांच्याच गल्लीवरून जायची तरी. घरी जाणं हे सरकारी काम नाही म्हणे. मला ते बरं वाटेना. वयस्कर बाई उन्हातनं चाललीय आणि मी मोकळी जीप घेऊन जातोय. म्हणून एक दिवस मी त्यांच्या मागून हळूहळू जीप चालवत निघालो. मान म्हणून. पहिल्या गिअरवर. पुढे बाई, मागे सरकारी जीप. दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. एकाने तर विचारलं, "बाईंना कशात पकडलं?" बाई थांबल्या, वळल्या. "गजानन, हे सरकारचं डिझेल आहे. मान पायी द्यायचा असतो." दुसऱ्या दिवशीपासून मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सरळ घरी जायला लागलो. मान पायी देण्याइतका काही मी मोठा नव्हतो.

अशा या बाई. आणि त्यांचं माहेर गास गावचं.

गासला त्यांचा धाकटा भाऊ, हरीभाऊ. वाडी, भातशेत, आणि त्यांच्या वडिलांनी स्वतः खणलेली विहीर. त्या विहिरीवर हरीभाऊंनी पंप बसवून टँकर भरायला दिले होते. वाईट माणूस नव्हता. उलट फुलपाड्याच्या लोकांना पाणी पाजतो याचा त्याला अभिमान होता. "माझ्या बाची विहीर हाय, गुळासारखं पानी," असं तो टँकरच्या क्लीनरला पण ऐकवायचा. बाई दर रविवारी तिकडे जेवायला जायच्या. आठवडाभरात त्या कोणाच्या घरी घास घ्यायच्या तर तो तिथेच. रविवारी सकाळी त्यांच्या चेहऱ्यावर मी जे हसू बघितलंय ते मंडळात कधी नाही दिसलं.

तर एक दिवस हरीभाऊंच्या शेजाऱ्यांची तक्रार आली. यांच्या उपशाने आमच्याकडे खारं शिरायला लागलं, यांची विहीर पण मचूळ झाली आहे, तपासा.

मीटिंगला विषय निघाला तशा बाई उठल्या. "माझा सख्खा भाऊ आहे. मी बाहेर बसते." आणि येऊन बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसल्या. आत नानांच्या हसण्याचा आवाज आला. बशीतला चहा फुंकून प्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात नाना दार उघडून बाहेर.

"बाई, पेढे काढा! हरीभाऊंची विहीर एकदम ओके. साहेब बोलले, तपासायची पण गरज नाही. बाईंचं माहेर आहे!"

मी पण बोललो, "अभिनंदन, बाई." अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

बाई नानांकडे बघत बोलल्या, "मी आत असते तर तपासली असती?"

"आत असता तर लाजेकाजेने तपासायला लागली असती."

"म्हणजे माझ्यापेक्षा माझ्या रिकाम्या खुर्चीचं वजन जास्त."

"अहो, आदर आहे बाई, आदर!"

बाई तडक आत गेल्या. बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलल्या, "साहेब, विहीर तपासा. माझ्याशिवाय कोणीही तपासा, पण तपासा."

साहेब बोलले, "चाखायचं काम तुम्हीच करता. मला ॲसिडिटी आहे."

"नाना आहेत."

नाना बोलले, "हरीभाऊने आमच्या घरच्या लग्नाला दोन टँकर पाणी फुकट दिलं होतं. तुमच्याच नियमाने मी बाद!" पहिल्यांदाच त्यांना तो नियम तोंडपाठ दिसला. बाकीचे दोघं पण लगेच बाद झाले. एक हरीभाऊंच्या बायकोकडनं नातेवाईक निघाला, दुसऱ्याच्या सोसायटीला त्यांचंच पाणी. साहेब बोलले, "मी बाहेरचा. माझा काही संबंध नाही." तेवढ्यात मी चहाचे कप उचलायला आत गेलो.

बाईंनी विचारलं, "गजानन, हा चहा कुठल्या पाण्याचा?"

मी खरं तेच बोललो. "सकाळी हरीभाऊंचा टँकर आला होता."

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. साहेबांचा रिकामा होता.

"म्हणजे आता आपण सगळ्यांनीच बाहेर जायचं?" साहेब वैतागले. "मग आत बसणार कोण?"

नानांनी माझ्याकडे बोट केलं. पहिल्यांदा वाटलं, आज खुर्चीत बसतोय. मग बाई बोलल्या, "त्याच्या बिल्डिंगीला पण हरीचाच टँकर जातो." माझी खुर्ची बसायच्या आधीच गेली. शिवाय तंबाखूने माझी जीभ अशी मेली होती की मला समुद्राचं पाणी दिलं असतं तरी मी "जरा मीठ जास्त" एवढंच बोललो असतो.

मीटिंग पुढे ढकलली.

रविवारी बाई नेहमीसारख्या गासला जेवायला गेल्या. सोमवारी ऑफिसला आल्या त्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. बराच वेळ छत्रीची मूठ चोळत होत्या.

"गजानन, एखादी गोष्ट माहेरी जेवताना कळली, तर ती माहेरची की मंडळाची?"

"बाई, मला जेवताना फक्त मीठ कमी असलं तर कळतं."

त्यांनी मग जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. जेवण झालं. डाळ छान मऊ शिजली होती. बाई मागच्या दारी हात धुवायला गेल्या तर वहिनी हंडा घेऊन परत येत होती. स्वतःच्या विहिरीला वळसा घालून, पलीकडच्या आळीतल्या विहिरीवरून. बाईंना बघून ती जागच्या जागी थांबली. नुसती मान हलवली, नको म्हणून. मचूळ पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे कोणत्याही बाईला कळतं. हरीभाऊंना तेवढं ठाऊक नव्हतं. त्यांच्या ताटात डाळ मऊ पडत होती, ते खुश होते.

"मी सदस्य आहे, म्हणून भावाच्या प्रकरणात बोलता येत नाही," बाई बोलल्या. "आणि हे कळल्यावर गप्प बसणं बसत नाही."

"मग?"

"मग सदस्य नसलेलं बरं."

मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी त्याच दिवशी साहेबांकडे राजीनामा दिला. नाना बोलले, "अहो बाई, एवढं काय! भाऊ तुमचा, विहीर तुमच्या वडिलांची. चार दिवस ताप आला म्हणून घरी बसा, आम्ही उरकतो."

पुढच्या मीटिंगला तक्रारदारांना आत सोडायचं काम माझं. दाराबाहेर गासचे शेतकरी रांगेत उभे होते, आणि त्यांच्या मागे छत्री घेऊन बाई. मी धावत जाऊन खुर्ची आणली. त्या बोलल्या, "ती सदस्यांची आहे. मी तक्रारदार." आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं नाव पुकारताना अडखळलो. एरवी अडखळायचो, पण वाचता येत नाही म्हणून.

आत हरीभाऊ पण होते. बहिणीला बघून हसले. त्यांना वाटलं, बाय आपल्या बाजूने बोलायला आली. बाय म्हणजे मोठी बहीण, त्यांच्या घरी तसंच बोलतात.

बाई बोलल्या, "मी पार्वती म्हात्रे. हरीची बहीण. हरीच्या घरी त्याच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. स्वयंपाकाचं पाणी दुसरीकडून भरतात. मी बघितलंय."

हरीभाऊंचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं, पुसायला विसरल्यासारखं. "खोटं हाय! बाच्या हातची विहीर हाय ती. चला सगळे, शिजवून दावतो!"

आणि मंडळ खरंच निघालं. डाळ हरीभाऊंची नको म्हणून मी दुकानातून विकत आणली. स्टोव्ह ऑफिसचा. साहेबांनी दोनदा विचारलं, मंडळाला डाळ शिजवायचा अधिकार आहे का. नाना बोलले, "फोडणी देईपर्यंत अडचण नाही." अंगणात स्टोव्ह पेटवला, विहिरीचं पाणी टोपात घातलं, डाळ टाकली. बाई अंगणात आल्या नाहीत. कुंपणाबाहेर रस्त्यावर छत्री उघडून उभ्या राहिल्या.

डाळ उकळायला लागली. दाणे वर यायचे, खाली जायचे, परत वर. हरीभाऊ स्टोव्हला पंप मारत होते. "व्हईल, आता व्हईल," पुटपुटत होते. साहेबांनी चमच्यात एक दाणा घेऊन दाबला तर तो उडून नानांच्या सदऱ्यावर जाऊन बसला. नाना बोलले, "जरा कणीदार आहे." मी रॉकेल आणून परत भरलं.

शेवटी वहिनी दारातनं बाहेर आल्या. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि नवऱ्याकडे न बघता बोलल्या, "किती बी जाळा. ती नाय शिजायची. मी कवाच सोडलंय ते पानी."

हरीभाऊ उठले. विहिरीवर गेले, बादली सोडली, ओंजळीने पाणी प्याले. "गोड तर हाय," बोलले. मग परत प्याले, सावकाश. बादली तशीच कठड्यावर ठेवून कुंपणापाशी आले.

"बाय, माझ्या घरात जेवलीस आनी माझीच डाळ चव्हाट्यावर मांडलीस. मला घरात सांगितलं असतंस तर?"

"सांगितलं असतं तर तू पंप बंद केला असतास?"

हरीभाऊंनी मागे विहिरीकडे बघितलं. बोलले, "आता या दारात येऊ नको."

"बरं," बाई बोलल्या. तेवढंच. आणि चालायला लागल्या.

मी जीप घेऊन मागे धावलो. "बाई, आज तरी बसा. लांब आहे."

"आता तर बसतच नाही. आता मी सदस्यसुद्धा नाही."

हरीभाऊंचा पंप बंद झाला. पेपरात आलं नाही, पण फुलपाड्याला त्या संध्याकाळीच कळलं, कारण टँकर आला नाही. मी घरी सगळी कहाणी रंगवून सांगितली. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही बघ, असं शहाण्यासारखं बोललो. सुमनने झारा खाली ठेवला.

"म्हणजे वर्षभर मला बोलत होतात, तुला कुकर लावता येत नाही, तुझा वाणी चोर आहे, तुझ्या आईने काही शिकवलं नाही. ते हे होतं?"

मी देखरेख मंडळाचा कर्मचारी! पुरावा रोज माझ्या ताटात वाढला जात होता आणि मी सासूला नावं ठेवत होतो. त्या रात्री मला जेवायला पाव मिळाला. ती बोलली, "पाणीच नाही तर डाळ कशात शिजवू? तुमच्या बाईंना विचारून या."

बाई गेल्यावर मंडळ सुधारलं, म्हणजे भांडणं थांबली. चाखायचं काम नानांकडे आलं. नाना चूळ टाकत नसत, गिळायचे. आधी पाणी, मग कोकम सरबत, मग जेवण. त्यांच्या काळात एकही विहीर मचूळ निघाली नाही. जीपमध्ये केळी उघड यायला लागली. मी खायचो. पण सोलताना मान आपोआप मागे वळायची, कोणी बघतंय का म्हणून. पचायची नाहीत हो नीट.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी सहज बाईंकडे गेलो. पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, सगळं तयार. बाई दाराकडे तोंड करून बसलेल्या. हरीभाऊ आले नव्हते. बराच वेळ झाला, चहा झाला, करंज्या झाल्या. शेवटी मी बोललो, "बाई, मी बसू का पाटावर? ओवाळून टाका मला."

"ओवाळणीत काय घालशील?"

मी खिसा चाचपला. "पण बाई, कर्मचाऱ्याकडून भेट घेता येते का?"

त्या हसल्या. "आता येते. आता मी कोणीच नाही." मग निरांजनातली वात जरा पुढे सरकवली आणि बोलल्या, "पण तू नको बसू. तो उशिरा येणारा आहे. लहानपणापासून." मी गुपचूप करंजी खाल्ली. हरीभाऊ त्या वर्षी आले नाहीत. पुढच्या वर्षी पण नाही, असं ऐकलं.

काही वर्षांनी धरणाचं पाणी यायला लागलं, मंडळ गुंडाळलं, जीप भंगारात गेली. तिला शेवटचं पण मीच ढकललं. मग मला एकच धंदा ठाऊक होता, म्हणून मी टँकरवर ड्रायव्हर लागलो. नळ सगळीकडे पोचले नव्हते.

असाच एका भाऊबीजेच्या दिवशी बाईंच्या गल्लीतल्या एका नव्या बिल्डिंगीला पाणी द्यायला टँकर घेऊन शिरलो. गल्ली एवढीशी, टँकर एवढा. बघतो तर बाईंच्या फाटकाबाहेर हरीभाऊ उभे. केस पांढरे झालेले, डोक्यावर टोपी, हातात शहाळी. आणि फाटकाच्या आत बाई, खूप वाकलेल्या, हातात तबक. तो आत जात नव्हता आणि ती 'ये' बोलत नव्हती. फाटक बंदच. बाईंनी फाटकावरून हात उंच करून त्याला कुंकू लावलं. वाऱ्याने निरांजन विझलं, त्यांनी पदराचा आडोसा करून परत लावलं, परत ओवाळलं. हरीभाऊंनी शहाळी फाटकावरून आत दिली. बाईंनी ती घेतली.

मला राहवलं नाही. आपण या प्रकरणातले जुने कर्मचारी, आपल्याशिवाय हे फाटक कोण उघडणार, असं वाटलं. टँकर तिथेच आडवा सोडून उतरलो आणि हात जोडून बोललो, "हरीभाऊ, झालं गेलं सोडून द्या. बाई जरा कडकच वागल्या, मान्य आहे. स्वतःच्या भावाला असं कोणी करतं का? पण आता..."

हरीभाऊ वळले. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं, मग माझ्या टँकरकडे, मग मागे हॉर्न मारणाऱ्या रिक्षांकडे.

"माझ्या बायला बोलायचं तर मी बोलीन. तू कोन रे? तो डबा बाजूला घे आधी, रस्ता आडवलायस."